बाल न्याय मंडळातले प्रकरण आणि मुलाची ओळख: ठाण्यापासून नोंदी नष्ट होईपर्यंत क्रमाने करायची कामे

अठराच्या आतल्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आला की प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालते. मंडळाची सुनावणी बंद खोलीत होते, म्हणून प्रकरण गुप्तच राहणार असे धरून बहुतेक पालक निर्धास्त होतात. पण ओळख त्या खोलीतून क्वचितच फुटते. ठाण्याची प्रेस नोट, मामाने वकील शोधण्यासाठी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलेली एफआयआरची पीडीएफ, शाळेत उघड्यावर दिलेले पोलिसांचे पत्र, वरच्या न्यायालयातल्या अर्जावर पूर्ण नावानिशी टाइप झालेले शीर्षक, अशा वाटांनी ती बाहेर पडते. एकदा बाहेर पडली की परत आत घेता येत नाही. म्हणून इथे कामांचा क्रम महत्त्वाचा आहे. पुढची पायरी आधी उरकून मागची नंतर करायला गेले की तिचा उपयोग राहत नाही.

हा लेख प्रामुख्याने पालकांसाठी आहे. शिक्षक, वार्ताहर आणि पीडित पक्षाकडच्या लोकांनाही लागणारे भाग त्यात आहेत.

आधी कायद्यातल्या चार गोष्टी

आधार आहे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. तो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. ठाण्यात किंवा मंडळात बोलताना कलमांचे आकडे सांगता आले की समोरच्याचा सूर बदलतो, म्हणून एवढी कलमे कागदावर लिहून खिशात ठेवा.

कलम ७४: वर्तमानपत्र, मासिक, वाहिनी किंवा संपर्काचे दुसरे कोणतेही माध्यम, यांपैकी कशातही मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा इतर कोणताही तपशील देता येत नाही. छायाचित्रही देता येत नाही. हे संरक्षण आरोप असलेल्या मुलाला आहे, तसेच पीडित मुलाला, साक्षीदार मुलाला आणि बाल कल्याण समितीपुढच्या (म्हणजे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या) मुलालाही आहे. मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कलम ९९: मंडळापुढचे मुलाविषयीचे सर्व अहवाल गोपनीय.

कलम २४: प्रकरणामुळे मुलाला पुढे कोणतीही अपात्रता चिकटत नाही, आणि नोंदी नष्ट करण्याचा आदेश द्यावा लागतो. याला एक मोठा अपवाद आहे, तो नवव्या टप्प्यात पाहू.

कलम ३: गोपनीयतेचा हक्क आणि नव्याने सुरुवात करण्याचा हक्क ही कायद्याची मूलभूत तत्त्वे आहेत. दुसरे कोणते कलम नेमके लागू होत नसेल, तेव्हा अर्जात याचा आधार घ्या.

तयारी: पहिल्या फोननंतर लगेच

घरातला एकच माणूस नेमा. ठाणे, वकील, शाळा, पत्रकार, नातेवाईक, सगळ्यांशी तोच बोलेल. बाकीच्यांनी एवढेच म्हणायचे: "प्रकरण मंडळापुढे आहे, आम्ही बोलू शकत नाही." काका एक सांगतो, आजी दुसरे सांगते, आणि त्या दोन तुकड्यांवरून बातमी तयार होते.

मुलाची आणि आईवडिलांची फेसबुक, इन्स्टाग्राम खाती त्याच दिवशी खासगी करा. व्हॉट्सॲपवरचा कुटुंबाचा डीपी काढा. वार्ताहरांना फोटो बहुधा तिथूनच मिळतात.

सावधान: खाती खासगी करायची, पुसायची नाहीत. मुलाच्या फोनमधले चॅट, फोटो, पोस्ट काढून टाकल्या तर पुरावा नष्ट केल्याचा नवा आरोप मागे लागतो, आणि मुलाच्या बाजूचा पुरावाही त्यातच जातो.

वकिलासाठी ग्रुपवर विचारणा करू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते. मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. खासगी वकील हवा असेल तर फोनवर नाव न सांगता "मंडळापुढचे प्रकरण आहे, घ्याल का" एवढेच विचारा. कागद प्रत्यक्ष भेटीत दाखवा.

१. पहिले २४ तास: ठाणे

मुलाला ताब्यात घेतल्यापासून २४ तासांच्या आत मंडळापुढे हजर करावे लागते. त्या वेळात त्याला कोठडीत ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही. त्याला विशेष बाल पोलीस पथकाच्या किंवा ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यायचे असते, आणि हा अधिकारी साध्या वेशात असायला हवा.

ठाण्यात गेल्यावर या क्रमाने विचारा:

पहिला प्रश्न: "बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत?" बोलणे त्यांच्याशीच करा. ड्युटीवरच्या अंमलदाराला सगळी कहाणी सांगत बसू नका. समोरच्या बाकावर दुसरे तक्रारदार बसलेले असतात.

दुसरा प्रश्न: "एफआयआर झाली आहे की स्टेशन डायरीला (ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत) नोंद आहे?" केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार मुलाविरुद्ध एफआयआर दोनच वेळा नोंदवायची असते. एक, आरोप निर्घृण अपराधाचा असेल तेव्हा, म्हणजे ज्याला किमान शिक्षाच सात वर्षे किंवा त्याहून अधिक आहे. दोन, आरोप प्रौढांसोबत मिळून केल्याचा असेल तेव्हा. एरवी स्टेशन डायरीतली नोंद आणि मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल एवढेच करायचे असते. किरकोळ मारामारीत किंवा मोबाइलचोरीत एफआयआर झाली असेल तर वकिलाला ते पहिल्याच तारखेला मंडळाच्या नजरेस आणायला सांगा.

तिसरा प्रश्न, एफआयआर असल्यास: "ऑनलाइन प्रसिद्ध होणार का?" पोलिसांच्या संकेतस्थळावर एफआयआर चढवण्याचा नियम २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातून आला. त्याच आदेशात संवेदनशील प्रकरणे वगळण्याची मुभा आहे. बाल लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातली एफआयआर प्रसिद्ध करता येत नाही, हे न्यायालयाने २०१८ साली निपुण सक्सेना प्रकरणात पुन्हा ठासून सांगितले. मुलाचे नाव असलेली एफआयआर चढवू नये असा एक ओळीचा अर्ज ठाणे अंमलदाराला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

चौथे: प्रेस नोट आणि फोटो. कारवाईनंतर पथकाचा आरोपींसोबत फोटो काढून स्थानिक वार्ताहरांच्या ग्रुपवर टाकण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. मुलाच्या बाबतीत तोंडाला फडके बांधून काढलेला फोटोही चालत नाही. कायद्यात छायाचित्र म्हटले आहे, उघडा चेहरा म्हटलेले नाही.

तपासा: ठाण्यातून निघण्यापूर्वी तुमच्याकडे तीन गोष्टी हव्यात. अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा, डायरी नोंद किंवा गुन्हा क्रमांक, आणि अर्जाची पोच.

२. वयाचा पुरावा: शाळेत बोभाटा न करता

सारे संरक्षण वयावर उभे आहे. गुन्हा घडल्याच्या दिवशी वय अठराच्या आत होते एवढे सिद्ध व्हायला हवे. कलम ९४ मधला क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय चाचणी. शाळेचा कागद हाताशी असताना घाबरून चाचणीला होकार देऊ नका. चाचणीत वर्षा-दोन वर्षांचा फरक सहज पडतो.

कागद पोलिसांनी शाळेतून आणण्याआधी तुम्ही आणून द्या. जनरल रजिस्टरचा उतारा पालकाला साध्या अर्जावर मिळतो. अर्जात कारण लिहायचे ते एवढेच: "शासकीय कामासाठी". पोलीस स्वतः जाणार असतील तर अधिकाऱ्याला विनंती करा की साध्या वेशात जावे, पत्र बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या हाती द्यावे, आणि पत्रात कलमे लिहू नयेत. ते पत्र आवक-जावक नोंदवहीतून लिपिकाच्या टेबलावर जाते आणि मधल्या सुट्टीपर्यंत शिक्षकांच्या खोलीत त्याची चर्चा सुरू होते.

मुख्याध्यापकांसाठी: कलम ७४ मध्ये शाळेचे नावही संरक्षित आहे. पत्रकाराला "हो, तो आमचा विद्यार्थी आहे" असे सांगणे म्हणजे ओळख उघड करायला हातभार लावणे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर किंवा वर्तनाच्या रकान्यात प्रकरणाचा शेरा मारू नये. पालकसभेत "त्या प्रकाराबद्दल" खुलासा करण्याचा मोहही टाळावा. नाव घेतले नाही तरी कोणाबद्दल बोलणे चालले आहे ते सगळ्यांना कळते.

३. पहिली तारीख: अर्ज त्याच दिवशी

मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते सदस्य असतात, त्यांपैकी किमान एक महिला. बैठक बहुधा निरीक्षणगृहाच्या, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात त्या गृहाच्या, आवारात भरते. मुंबईत डोंगरी, पुण्यात येरवडा ही त्याची परिचित ठिकाणे. आत उंच चौथरा किंवा आरोपीचा पिंजरा नसतो.

मुलाला गणवेशात नेऊ नका. दप्तर, क्लासची बॅग, शाळेच्या नावाचा टी-शर्ट, काहीही नको. सोबत आईवडील किंवा पालक पुरे. दहा जणांचा गोतावळा फाटकाबाहेर उभा राहिला की येणारा-जाणारा विचारतोच.

गोपनीयतेचा अर्ज नेमका याच दिवशी द्यायचा. पुढच्या तारखेला देऊ म्हणेपर्यंत फलकावर नाव लागलेले असते, शिपायाने व्हरांड्यात पुकारलेले असते. अर्ज साधा असावा. नमुना असा:

"प्रकरण क्रमांक … मधील बालकाच्या वतीने विनंती की, अधिनियमाचे कलम ३, ७४ व ९९ लक्षात घेऊन, (अ) दैनिक यादी व सूचना फलकावर बालकाचे व पालकांचे नाव न लिहिता केवळ प्रकरण क्रमांक लिहावा, (ब) पुकारा प्रकरण क्रमांकाने व्हावा, (क) संगणकीय नोंदीत व आदेशाच्या शीर्षकात नावाऐवजी संकेताक्षरे वापरावीत, (ड) प्रकरणाशी संबंध नसलेल्या कोणत्याही व्यक्तीस सुनावणीच्या वेळी उपस्थित राहू देऊ नये, (इ) मंडळाच्या लेखी परवानगीशिवाय अभिलेखाची प्रत कोणासही देऊ नये."

अर्जाच्या वरच्या भागात मुलाचे पूर्ण नाव टाइप करून आणणारेही असतात. नाव गोपनीय ठेवावे असा अर्ज, आणि त्यावरच नाव! क्रमांक आणि संकेताक्षरे पुरेत. खरे तपशील वेगळ्या बंद पाकिटात द्या.

तपासा: आठवड्याभरात ई-कोर्ट्सच्या (न्यायालयीन प्रकरणांची माहिती देणाऱ्या सरकारी सेवेच्या) संकेतस्थळावर आणि ॲपवर मुलाच्या, वडिलांच्या आणि आईच्या नावाने शोध घ्या. नाव दिसले तर त्या पानाची छापील प्रत जोडून मंडळाकडे दुरुस्तीचा अर्ज करा.

मूल प्रत्येक तारखेला हजर हवेच असेही नाही. कलम ९१ नुसार उपस्थिती आवश्यक वाटत नसेल तर मंडळ ती माफ करू शकते. दहावी-बारावीच्या परीक्षा, दूरचे गाव, बाहेर जमणारी माणसे ही कारणे लेखी द्या. दर महिन्याला त्याच वारी मूल शाळेत गैरहजर राहिले की वर्गाला हिशेब लागतो.

४. खोलीत कोण, बाहेर कोण

आदर्श नियमांत मंडळावर स्पष्ट जबाबदारी आहे: प्रकरणाशी संबंध नसलेली व्यक्ती सुनावणीच्या वेळी तिथे असू नये. म्हणजे मूल, पालक, त्यांचा वकील, सरकारी वकील, परिविक्षा अधिकारी (मुलाच्या घरच्या परिस्थितीची चौकशी करून अहवाल देणारे), बाल कल्याण पोलीस अधिकारी आणि साक्ष देण्यापुरता साक्षीदार. दुसऱ्या प्रकरणांच्या वकिलांनी आत बसून आपल्या पुकाऱ्याची वाट पाहायची नसते. गर्दीच्या दिवशी हे घडते. तेव्हा तुमच्या वकिलाने शांतपणे उठून "खोली रिकामी करण्याची विनंती आहे" म्हणावे. त्यात संकोच नको.

फिर्यादी किंवा पीडित पक्ष हा संबंधित पक्ष आहे. त्याला बाहेर ठेवा असा आग्रह धरणे चूक आहे, आणि तो टिकतही नाही. मात्र मुलाच्या घरच्या परिस्थितीवर, व्यसनावर किंवा मानसिक आरोग्यावर चर्चा व्हायची असेल तेव्हा तेवढा भाग त्यांच्या अनुपस्थितीत घ्यावा अशी विनंती करता येते.

पत्रकाराला सुनावणीत बसण्याचा नेहमीचा हक्क इथे नाही. परवानगी हवी असेल तर मंडळाकडे लेखी अर्ज करायचा. परवानगी मिळाली तरी कलम ७४ सुटत नाही, कारण बसण्याची परवानगी आणि नाव छापण्याची परवानगी या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी परवानगी मंडळ किंवा समितीच देऊ शकते, तीही लेखी कारणे नोंदवून आणि मुलाच्या हितासाठीच. आईवडिलांनी "छापा नाव, आम्हाला लपवायचे काही नाही" म्हटले तरी ती परवानगी ठरत नाही. रागाच्या भरात पालक असे बोलतात आणि वार्ताहर तेच प्रमाण मानतात. त्यात दोघेही अडकतात, आणि मुलाचे नुकसान होते ते वेगळेच.

५. कागद कोणाला मिळतात

प्रकरणातला सर्वांत नाजूक कागद आरोपाचा नाही, सामाजिक तपासणी अहवालाचा आहे. परिविक्षा अधिकारी घरी येऊन तो तयार करतात. त्यात बापाची दारू, आईची नोकरी, कर्ज, भावाचे आजारपण, मुलाची मैत्री, सगळे असते. गावात पसरले तर आरोपापेक्षा याचा डाग जास्त काळ टिकतो.

परिविक्षा अधिकारी चौकशीला येणार असतील तर शेजाऱ्यांशी बोलताना प्रकरणाचा उल्लेख करू नये अशी विनंती आधीच करा. त्यांच्यापासून माहिती मात्र लपवू नका. अहवाल मुलाच्या पुनर्वसनासाठी असतो, आणि अर्धवट माहितीवरचा अहवाल मुलाच्याच विरोधात जातो.

कलम ९९ नुसार मंडळ अहवालाचा सारांश मुलाला आणि पालकाला सांगू शकते, आणि त्यावर त्यांचे म्हणणे व पुरावा मांडण्याची संधी देऊ शकते. ती मागून घ्या. त्याच कलमात हेही आहे की पीडिताला त्याच्या प्रकरणाचा अभिलेख, आदेश व संबंधित कागद नाकारता येत नाहीत. म्हणजे पीडित पक्षाने नकलेचा अर्ज केला आणि "बाल न्याय मंडळाचे कागद मिळत नाहीत" असे खिडकीवर सांगितले गेले, तर कलम ९९(२) दाखवून लेखी नकार मागावा. कागद मिळाल्यावर मात्र ते वकिलाला दाखवण्यापुरते. फोटो काढून पुढे पाठवले तर कलम ७४ त्यांनाही लागू होईल.

शेजारी, संस्थेचे प्रतिस्पर्धी, राजकीय विरोधक यांना यातले काही मिळत नाही. ते माहिती अधिकारात अर्ज टाकतात असे कळले तर मंडळाला आणि ठाण्याच्या जन माहिती अधिकाऱ्याला कलम ७४ व ९९ चा हवाला देऊन लेखी हरकत पाठवून ठेवा.

सावधान: झेरॉक्सच्या दुकानात मूळ फाइल ठेवून "नंतर येतो" म्हणू नका. पीडीएफ मेलवरून किंवा व्हॉट्सॲपवरून छापायला पाठवली तर ती त्या दुकानाच्या संगणकात राहते. प्रती समोर उभे राहून काढा.

६. प्रकरण दुसऱ्या न्यायालयात गेले की

सर्वांत जास्त गळती इथे होते, कारण मंडळाबाहेरच्या न्यायालयांचा कारभार मुळात उघडा असतो.

*प्रौढ सहआरोपी असतील तर:* कलम २३ नुसार मुलाचे प्रकरण प्रौढांसोबत एकत्र चालवता येत नाही. पण प्रौढांच्या दोषारोपपत्रात, साक्षीदारांच्या जबाबांत आणि रिमांड अर्जांत मुलाचे नाव येते, आणि तो खटला खुल्या न्यायालयात चालतो. मंडळाचा आदेश तिथे आपोआप पोहोचत नाही. त्या न्यायालयात वेगळा अर्ज करावा लागतो की साक्षी नोंदवताना आणि निकालात मुलाचा उल्लेख संकेताक्षराने व्हावा. पालकांना हे कळते तेव्हा बहुतेक वेळा निकाल टाइप झालेला असतो.

*बाल न्यायालय:* सोळा ते अठरा वयाच्या मुलावर निर्घृण अपराधाचा आरोप असेल तर मंडळ प्राथमिक मूल्यांकन करून प्रकरण बाल न्यायालयाकडे (सत्र न्यायालयाच्या स्तरावरच्या न्यायालयाकडे) पाठवू शकते. "प्रौढासारखा खटला" या शब्दांवरून नाव छापायला मोकळीक मिळाली असा समज पसरतो. तसे नाही. तिथेही कलम ७४ लागूच असते.

*अपील, जामीन, रिट:* मंडळाच्या आदेशावर अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. घाईत वकिलाचा टंकलेखक नेहमीच्या नमुन्यात मुलाचे व वडिलांचे पूर्ण नाव, गाव, तालुका घालतो. उच्च न्यायालयाचा आदेश संकेतस्थळावर चढतो, निकाल गोळा करणारी खासगी संकेतस्थळे तो उचलतात, आणि पुढची अनेक वर्षे नावाचा शोध घेतला की तोच आधी येतो. २०२० साली शिल्पा मित्तल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला उच्च न्यायालयाच्या आदेशातले मुलाचे नाव काढायला सांगावे लागले होते. वकीलपत्रावर सही करण्यापूर्वीच ठरवून घ्या: शीर्षकात "अबक (विधिसंघर्षग्रस्त बालक), पालकांमार्फत" (विधिसंघर्षग्रस्त म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेले), पालकाचेही नाव झाकलेले, आणि खरी माहिती बंद पाकिटात.

नाव चढलेच असेल तर क्रम असा: आधी ज्या न्यायालयाचा आदेश आहे तिथे नाव झाकण्याचा अर्ज, मग दुरुस्त आदेशाची प्रत जोडून खासगी संकेतस्थळांना आणि शोधयंत्रांना विनंती. उलट क्रमाने गेलात तर "न्यायालयाच्या संकेतस्थळावर आहेच" असे उत्तर येते.

७. बातमी लिहिणाऱ्यांसाठी

नाव न लिहिता ओळख कशी फुटते ते पाहा. कल्पित वाक्य: "तालुक्यातील एका गावच्या माजी सरपंचाच्या सतरा वर्षीय मुलाने, जो अकरावी सायन्सला असून नुकताच जिल्हास्तरीय कुस्तीत विजेता ठरला होता…" नाव, पत्ता, शाळा, फोटो यांतले एकही नाही. तरी तालुक्यात ओळख पटायला अर्धा मिनिट लागत नाही. माजी सरपंच, सायन्स आणि कुस्ती यांतले कोणतेही दोन एकत्र आले तरी पुरते. छापता येईल असे: "जिल्ह्यातील सतरा वर्षीय मुलाला या प्रकरणी ताब्यात घेऊन बाल न्याय मंडळापुढे हजर करण्यात आले." बातमीत एवढेच लागते. आदेश काय झाला, यंत्रणा कुठे चुकली, मुदती पाळल्या का, यावर वाटेल तेवढे लिहा. त्यावर कोणतेही बंधन नाही, आणि ते लिहिले जायलाच हवे.

डोळ्यांवर काळी पट्टी लावणे म्हणजे ओळख झाकणे नव्हे. गणवेश, घराचा दरवाजा, गाडीचा क्रमांक, आवाज, आईचा चेहरा, यांतले काहीही पुरेसे असते.

वडीलच वेगळ्या गुन्ह्यात आरोपी असतील तेव्हा खरी पंचाईत होते. पुण्यातल्या कल्याणीनगरच्या अपघाताच्या प्रकरणात मे २०२४ मध्ये हेच झाले. प्रौढ आरोपी म्हणून वडिलांचे नाव बातमीत आले की मुलाची ओळख त्यातून आपोआप निघते. अशा वेळी आमचा आग्रह असा की दोन बातम्या वेगळ्या लिहाव्यात, आणि नाव असलेल्या बातमीत "मुलगा", "पुत्र" हे नाते येऊ देऊ नये.

आणखी एक गैरसमज: "तो आता बावीस वर्षांचा झाला, आता चालते." चालत नाही. गुन्ह्याच्या दिवशी अठराच्या आत असलेली व्यक्ती नंतर पकडली गेली किंवा चौकशी सुरू असताना अठरा ओलांडून गेली, तरी प्रक्रियेपुरती ती बालकच मानली जाते.

लैंगिक अत्याचारातील पीडित मुलाबाबत बंधने आणखी कडक आहेत. बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा, २०१२ च्या कलम २३ मध्ये किमान सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दंड किंवा दोन्ही सांगितले आहे. मूल मरण पावले असले तरी नाव छापता येत नाही.

८. ओळख फुटलीच तर

पहिल्या तासात हात आवरा. खाली कॉमेंट टाकून "हे खोटे आहे, माझा मुलगा तसा नाही" लिहिले की बातमीतली कमी तुम्हीच भरून काढता.

१) पुरावा जमवा. पूर्ण दुवा, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. व्हॉट्सॲपचा मजकूर असेल तर ग्रुपचे नाव आणि पाठवणाऱ्याचा क्रमांक दिसायला हवा. वर्तमानपत्राचा कात्रण नव्हे, अख्खा अंक ठेवा. हे आधी, कारण तक्रार पोहोचताच पोस्ट काढली जाते आणि मग सिद्ध करायला काही उरत नाही.

२) संपादकाला किंवा ग्रुप ॲडमिनला लेखी कळवा: कलम ७४ चा भंग आहे, मजकूर तत्काळ काढा. नोटिशीत मुलाचे नाव पुन्हा लिहू नका. "दि. … रोजीचा पान … वरील मजकूर" पुरे.

३) मंडळाकडे अर्ज द्या, पुरावा बंद पाकिटात.

४) पोलिसांत तक्रार. इथे लोक गोंधळतात. कलम ७४ चा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) केली जाते, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. "एफआयआर घेत नाहीत" म्हणून ठाण्यात भांडू नका. एनसीची प्रत घेऊन वकिलामार्फत दंडाधिकाऱ्यांकडे तपासाच्या आदेशासाठी अर्ज करा.

५) समाजमाध्यमांवरच्या मजकुरासाठी त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. वर्तमानपत्राविरुद्ध भारतीय प्रेस परिषदेकडे जाता येते, पण त्याआधी संपादकाला लिहिलेले पत्र जोडावे लागते. म्हणून दुसरी पायरी वगळू नका.

९. निकालानंतर: नोंदी नष्ट करणे

निकाल लागला की सुटकेच्या भरात घरचे ही पायरी विसरतात, आणि चार वर्षांनी भरतीच्या वेळी ती आठवते.

अंतिम आदेशाच्या दिवशीच वकिलाने तोंडी आणि लेखी विनंती करावी की कलम २४(२) प्रमाणे नोंदी नष्ट करण्याचे निर्देश आदेशातच यावेत. केंद्राच्या आदर्श नियमांत अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षे, त्याहून जास्त नाही, असे आहे. महाराष्ट्राचे स्वतःचे २०१८ चे नियम आहेत. आदेशात नेमका नियम आणि तारीख लिहून घ्या.

अपवाद: सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला निर्घृण अपराधात बाल न्यायालयाने प्रौढासारखा खटला चालवून दोषी ठरवले असेल, तर अपात्रता न लागण्याचे संरक्षण मिळत नाही आणि नोंदी बाल न्यायालयाकडे जपल्या जातात.

नोंदी नष्ट होण्याआधी अंतिम आदेशाच्या दोन प्रमाणित प्रती काढून घरी बंद ठेवा. सगळीकडचे कागद गेल्यावर "प्रकरण निकाली निघाले" हे दाखवायला तेवढाच आधार असतो.

तपासा: मुदत संपल्यावर चार ठिकाणी आदेशाची प्रत देऊन पोच घ्या: ठाणे, पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालय (संगणकीय गुन्हे नोंदींसाठी), निरीक्षणगृह, परिविक्षा अधिकारी. मंडळाची फाइल नष्ट झाली आणि ठाण्याच्या संगणकात नाव राहिले, हे वरचेवर घडते.

१०. चारित्र्य पडताळणी

कलम ७४(२) पोलिसांना सांगते की चारित्र्य दाखल्यासाठी किंवा इतर कशासाठी मुलाच्या प्रकरणाची नोंद उघड करायची नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर हे निकाली प्रकरणांसोबत प्रलंबित प्रकरणांनाही लागू आहे. दाखल्यावर शेरा आलाच तर दाखला मालकाकडे देण्याआधी अधीक्षक किंवा आयुक्तांकडे कलमाचा हवाला देऊन, अंतिम आदेश जोडून, नवा दाखला मागा.

भरतीच्या अर्जात "आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला आहे का" हा रकाना येतो. इथे परस्पर "नाही" लिहू नका आणि घाबरून सगळा इतिहासही लिहू नका. अर्ज भरण्याआधी आदेश घेऊन वकिलाकडे जा आणि उत्तराचे शब्द त्यांच्याकडून लिहून घ्या. नियुक्ती नाकारली गेली तर दाद मागता येते. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातील भरतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली (भारत सरकार विरुद्ध रमेश बिश्नोई) अल्पवयातल्या आरोपावरून उमेदवाराला नोकरी नाकारणे अमान्य केले. नकाराचे पत्र लेखी घ्या, त्यावरची तारीख पाहा, आणि त्याच आठवड्यात वकिलाला गाठा.